गावात ख्रिस्ती कीर्तन करायचंय? मग तयारी अशी करा

नाताळ जवळ आला की आपल्या युवक संघांचं ठरतं, यंदा गावात सुवार्तेला, म्हणजे येशूची शुभवार्ता सांगायला, जायचं. मग कीबोर्ड, ड्रमसेट, दोन मोठे स्पीकर आणि शहरातून बोलावलेला एक वक्ता असा सगळा लवाजमा टेम्पोत भरून निघतो. गावातली माणसं येतात, मागे उभी राहतात, गाण्याच्या चाली त्यांना धरता येत नाहीत, वक्ता माईकवर ओरडत असतो, आणि घरी जाताना लोक म्हणतात कार्यक्रम चांगला झाला, पण हे आपलं नाही, हे साहेबाचं. मला हे फार लागतं, कारण येशू स्वतः कोळ्यांत, मजुरांत, शेतकऱ्यांत वावरला आणि बोलला ते पेरणीबद्दल, मेंढरांबद्दल, जाळ्याबद्दल, लग्नाच्या पंगतीबद्दल. आपल्या गावातल्या कुठल्याही म्हातारीला दोन मिनिटांत कळेल अशी ती भाषा, आणि आपण ती ड्रमसेटच्या मागे लपवून टाकतो.

तर ज्यांना कीर्तनातून सुवार्ता सांगायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ही काही आजची टूम नाही. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, इथली भाषा शिकले आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची मागणीच होती की आमची पुराणं सुटली, आता त्यांच्या जागी म्हणायला आम्हाला काहीतरी द्या. पुढे एकोणिसाव्या शतकात नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-पदांचा एवढा साठा करून ठेवला की आजही आपण उपासना संगीत हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की पानापानावर ते भेटतात. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. म्हणजे वाट मळलेली आहे, आपणच मध्ये तिच्यावरून चालणं सोडलं.

आधी गाव बघा

कीर्तन ठरवायच्या आधी गावात एकदा नुसतं जाऊन या, काही न सांगता न वाटता, चहा प्या, बसा. गावात कीर्तन होतं का, कुठल्या पद्धतीचं होतं, सप्ताह कधी असतो हे विचारा. नगर, बीड, संभाजीनगर, सोलापूर या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी वारकरी कीर्तन ऐकलेले कान असतात, एक अभंग धरून त्याचं निरूपण, मागे टाळकरी उभे, पखवाज. कोकणात आणि जुन्या शहरांत नारदीय पद्धत जास्त ओळखीची, पूर्वरंग म्हणजे आधीचं निरूपण, उत्तररंग म्हणजे नंतरची गोष्ट, आख्यान, साथीला पेटी-तबला, हातात चिपळ्या. आपल्या लोकांची जुनी ख्रिस्ती कीर्तनं बरीचशी या दुसऱ्या पद्धतीची आहेत आणि नवशिक्याला तीच सोपी जाते कारण तिच्यात गोष्टीला वेगळी जागा असते.

पण सगळा महाराष्ट्र म्हणजे कीर्तन नाही हे पक्कं लक्षात घ्या. नंदुरबारकडे भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या पाड्यांवर तुम्ही उपरणं घालून उभे राहिलात तर ते त्यांना तेवढंच परकं आहे जेवढा ड्रमसेट, तिथे त्यांचीच माणसं, त्यांचीच गाणी, आणि तुम्ही मागे बसून ऐकायचं. नवापूर भागात तर ख्रिस्ती मंडळ्या आधीपासून आहेत, त्यांना विचारल्याशिवाय शहरातून कार्यक्रम घेऊन जाणं म्हणजे त्यांचा अपमानच. पालघरच्या वारली पाड्यांचंही तसंच. आणि ज्या वस्तीत भीमजयंतीला जलसा होतो, एकतारीवर भजन होतं, तिथे नारदीय कीर्तनाचा थाट लोकांना वरच्या जातीचा वाटू शकतो, वाटतोच, त्याला कारणं आहेत. तिथे एकतारी, डफ आणि शाहिरी चाल घ्या. आपल्या नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मुख्यतः महार-मांग वाड्यांतून उभ्या राहिल्या, त्या लोकांनी कुठल्या चालीवर पहिल्यांदा येशूचं नाव घेतलं हे आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर सोनं मिळेल, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

तारीख ठरवताना पेरणी, सुगी, गावची जत्रा आणि हरिनाम सप्ताह टाळा. सप्ताह चालू असताना शेजारी आपला स्पीकर लावणं हे कितीही चांगल्या हेतूनं केलं तरी वाईटच दिसतं आणि वाईटच आहे.

कागदपत्रं आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे पण सोडू नका. घटनेच्या कलम २५ नं आपल्याला धर्म पाळायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांना धक्का न लावता. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात अशा राज्यांत याबद्दल वेगळे कायदे आहेत, त्यामुळे सीमेपलीकडच्या गावात जाताना आणि महाराष्ट्रातसुद्धा जायच्या आधी त्या वेळचा नियम ओळखीच्या वकिलाला विचारून घ्या, व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर विसंबू नका. सरपंच आणि पोलीस पाटलांना प्रत्यक्ष भेटा, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, स्पीकरची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत आवाज बंद करा. मंडळीत कुणी परदेशी पाहुणा आला असेल आणि तो टुरिस्ट व्हिसावर असेल तर त्याला प्रचाराच्या कामात घेऊ नका, स्टेजवर बोलायला तर नकोच.

आणि पत्रिकेवर, बॅनरवर, पहिल्या वाक्यात "ख्रिस्ती कीर्तन" हे शब्द ठळक असू द्या. नुसतं "भव्य कीर्तन सोहळा" लिहून लोक गोळा करायचे आणि मग येशूचं नाव काढायचं हे मी काही ठिकाणी बघितलंय, त्यानं लोक चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. ज्याला यायचं तो कशाला येतोय हे कळून येऊ दे. चाळीस माणसं कळून आलेली बरी.

साथसंगत

पाच माणसं पुरतात: कीर्तनकार, पेटीवाला, तबलजी, झांजवाला आणि मागे धरायला एक चांगला गळा. मागचा गळा बाईचा असला तर फारच छान, समोर बसलेल्या बायका मग लगेच ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलतात. कीर्तनकार बाईसुद्धा असू शकते, आपल्यात तिला कुणी अडवायचं कारण नाही. पट्टी आधी ठरवा, बहुतेक पुरुषांना काळी एक किंवा काळी दोन चालते, बाई गाणार असेल तर काळी चार-पाच, आणि तबला त्याच पट्टीचा न्या, आयत्या वेळी तबला उतरवत बसलात की दहा मिनिटांत अर्धी मुलं उठून जातात. एक माईक कीर्तनकाराला, एक पेटी-तबल्याच्या मध्ये. लाईट जातेच, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर बरोबर ठेवा, आणि तोही नसेल तर घाबरू नका, कीर्तन माईक नसतानाच जन्माला आलंय.

कपडे साधे, स्वच्छ. सदरा, उपरणं बास. पगडी, बुक्का, गंध असलं काही लावून दुसऱ्याचं सोंग घेऊ नका. हातात चिपळ्या घेणार असाल तर महिनाभर आधीपासून घ्या, बोलता बोलता हात आपोआप चालला पाहिजे, नाहीतर लक्ष सगळं चिपळ्यांकडे.

आख्यान निवडणं आणि बसवणं

दीड तासाचं कीर्तन पुरे. साधारण नमनाला दहा मिनिटं, पूर्वरंगाला अर्धा तास, मध्ये नामगजर, मग आख्यान चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, शेवटी प्रार्थना आणि आरती. नवीन माणसानं आधी आख्यान बसवावं आणि मग पूर्वरंग लिहावा, उलटं केलं तर पूर्वरंग वाढत जातो, प्रवचन होतं आणि गोष्टीला वेळच उरत नाही.

पहिल्या कीर्तनाला मी नेहमी जक्कय सुचवतो, लूकच्या १९ व्या अध्यायातली पहिली दहा वचनं. उधळ्या पुत्र सगळ्यांना आवडतो पण तो बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो आणि त्यात भावनेच्या भरात वाहून जायला होतं. जक्कयात सगळं आहे, गर्दी, विनोद, झाड, पैसा, गावाची कुजबुज.

कसं बसवायचं ते दाखवतो. पहिल्यांदा वचनं पवित्र शास्त्रातून मोठ्यानं वाचा, वेगवेगळ्या भाषांतरांतून वाचा, फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल बोलायच्या भाषेला जवळ आहे, पंडिता रमाबाईंनी तर साध्या बायकांना कळावं म्हणूनच आयुष्याची शेवटची वर्षं भाषांतरात घातली. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि गोष्ट घरातल्या लहान मुलाला सांगा. तो जिथे "मग?" म्हणतो तिथे तुमची गोष्ट उभी आहे, जिथे चुळबुळतो तिथे कापा.

आता प्रसंग. यरीहो गाव. जक्कय मुख्य जकातदार, पैसेवाला. जकात म्हणजे काय हे आपल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही, नाक्यावर तासन्तास उभे राहिलेले ट्रक त्यांनी बघितलेत. फक्त एवढं सांगा की हा जकात गोळा करायचा ती परक्या रोमी सरकारसाठी, आणि वर आपला हात मारायचा, म्हणून गाव त्याच्याशी बोलायचं नाही. इथे साकी किंवा दिंडी या कीर्तनातल्या वृत्तांत दोन ओळी टाका, त्याचं घर कसं, अंगणात भांडी किती, आणि पंगतीला माणूस एकही नाही. लोक इथेच गप्प होतात, कारण ज्याच्या पंगतीला कुणी जात नाही असं घर प्रत्येक गावाला माहीत असतं, आणि ते नेहमी पैशामुळेच टाकलेलं नसतं.

मग बातमी येते, येशू गावातून चाललाय. गर्दीचं वर्णन कटावात, म्हणजे भरभर म्हणायच्या पद्यात, करा, जलद, एका दमात, धूळ, धक्काबुक्की, पोरं खांद्यावर, आंधळे-पांगळे, विकणारे, तबला द्रुत. आणि त्यात हा ठेंगू माणूस, टाचा उंचावतोय, काही दिसत नाही, कुणी पुढे सोडत नाही कारण आज सगळ्यांना सूड घ्यायचाय. तबला एकदम थांबवा. तो पुढे पळत जातो आणि झाडावर चढतो.

झाड कुठलं? उंबर. आपल्या बायबलात उंबरच म्हटलंय आणि खरोखरच ते आपल्या उंबराचं जवळचं भाऊबंद, खोडाला फळं लागणारं, ठेंगण्या माणसाला हात पोचेल असं खाली फांद्या पसरणारं. हे गावकऱ्यांना सांगून बघा, चेहरे बदलतात. समोर उंबर असेल तर बोट दाखवा. एवढा श्रीमंत माणूस, भारी कपडे, आणि पोरासारखा उंबरावर, इथे हसू द्या लोकांना पोटभर, घाई करू नका.

मग येशू खाली येऊन थांबतो आणि वर बघतो. इथे आवाज खाली आणा. सगळं गाव त्याला शिव्या घालत होतं, यानं नावानं हाक मारली. ध्रुपद इथे पडलं पाहिजे, मी आमच्या मुलांना असं बांधून दिलं होतं:

उतर जक्कया, ये बा खाली ।
आज तुझ्या घरी वस्ती झाली ॥

दोनच ओळी, मागच्या गळ्यानं धराव्या आणि लोकांकडून तीन-चार वेळा म्हणून घ्याव्या. चाल त्या गावात ऐकलेल्या एखाद्या ओवीची असू दे. मोठी अवघड पदं बांधू नका, घरी जाताना लोक गुणगुणतील एवढंच बांधा.

लगेच पुढे कुजबुज. इथे तुम्हाला तीन-चार आवाज करावे लागतील: "गेला का तो त्याच्या घरी?" "अहो पाटील, तुम्ही बघितलंत?" "एवढी घरं होती चांगल्या माणसांची." कीर्तनकाराची खरी परीक्षा इथे आहे कारण ही कुजबुज खोटी वाटता कामा नये, त्या लोकांचं म्हणणं तुम्हाला पटलं पाहिजे. ज्याची गाय त्या जकातीपायी गेली तो का चिडणार नाही? कुरकुर करणाऱ्यांना मूर्ख दाखवलंत की गोष्ट मेली.

आणि मग जक्कय उभा राहतो आणि म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत. आपले बरेच कीर्तनकार इथे चुकतात, आधी त्यानं पैसे दिले म्हणून येशू गेला असा सूर लागतो. तसं नाही. येशू आधी घरात गेला. पैसे नंतर आले. हा क्रम दोनदा सांगा, सुवार्ता या क्रमातच आहे. मग दहावं वचन, हरवलेलं शोधायला आणि तारायला मनुष्याचा पुत्र आला आहे, ते जसंच्या तसं म्हणा, त्यावर भाष्य करू नका, आणि पेटीवर सरळ भैरवी धरा.

पूर्वरंग

आख्यान हातात आलं की पूर्वरंगाचा विषय आपोआप कळतो: ज्याला गावानं वाळीत टाकलं त्याच्या दारी देव स्वतः जातो. एक अभंग निवडा, टिळकांचा घ्या नाहीतर तुमच्या मंडळीत म्हणतात तो घ्या, त्याच्यावरच फिरत राहा, रोजच्या जगण्यातली दोन उदाहरणं पुरे. संतांचं वचन घ्यावं का असं मला मुलं विचारतात. घ्या, पण नाव घेऊन, पूर्ण अर्थानं आणि प्रेमानं घ्या. तुकोबा म्हणाले ते खरं म्हणजे येशूबद्दलच होतं असलं काही बोलू नका, ते खोटं आहे आणि समोर बसलेल्या माळकऱ्याच्या पोटात ते सुरीसारखं जातं. टिळकांनी तुकोबांना शेवटपर्यंत मान दिला, आपण त्यांच्यापेक्षा शहाणे नाही.

देव-देवतांवर टीका नको, मूर्तींवर विनोद नको, "तुमचं सगळं अंधारात" ही भाषा तर अजिबात नको. कीर्तनात दीडशे वेळा येशूचं नाव घ्यायला वेळ असतो, दुसऱ्याच्या देवाचं वाईट बोलायला एक मिनिट का घालवायचं?

काय करायचं नाही

जेवण, कपडे, वह्या, शाळेची ॲडमिशन, नोकरी यातलं काहीही कीर्तनाशी जोडू नका. मदत करायची असेल तर वेगळी करा, वर्षभर करा, आणि जो कधीच मंडळीत येणार नाही त्यालाही तेवढीच करा. आजार बरा होईल अशी हमी देऊ नका. प्रार्थना कुणी मागितली तर जरूर करा, शांतपणे करा, पण डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस आपल्या टीममध्ये असेल तर त्याला घरी पाठवा, त्यानं जीव जातात, आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. लहान मुलांना आईबापाच्या गैरहजेरीत वेगळं बसवून शिकवू नका. समोरच्यांचे फोटो काढून "आज इतके आत्मे जिंकले" म्हणून ग्रुपवर टाकणं ताबडतोब बंद करा, तो फोटो कुणाच्या हातात पडेल आणि त्या बाईला घरी काय ऐकावं लागेल याचा विचार टाकणाऱ्यानं केलेला नसतो.

आणि घाई. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं त्या घरानं काय सोसलं ते लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय, ताटातूट, सोवळं, समाजाचे टोमणे, मुलाची ओढाताण. त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाचा एक एक पीळ सोडवत. सुवार्ता सांगायला निघालेल्या प्रत्येकानं ते पुस्तक वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण एक माणूस विश्वासात येतो तेव्हा एका घरात काय काय हलतं ते आपल्याला स्टेजवरून दिसत नाही.

कीर्तन झाल्यावर

आरती झाली की लगेच सामान आवरायला घेऊ नका. सतरंजीवर बसा, चहा येईल तो घ्या, ज्याच्या घरून येईल त्याच्या घरून घ्या. प्रश्न येतील. "तुम्ही पण हिंदूच होता ना आधी?" "धर्म बदलला की सवलती मिळतात का?" "येशू गोरा होता का?" सरळ उत्तरं द्या. दुसऱ्या प्रश्नाला तर नीट सांगा की उलट आहे, १९५० च्या अनुसूचित जातींबद्दलच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती जातात, हे लपवणं म्हणजे फसवणूक. तिसऱ्याला सांगा की तो पश्चिम आशियातला यहुदी, सुताराच्या घरातला. वादाला कुणी आलाच तर त्याला चहा द्या, ऐकून घ्या, आवाज चढवू नका, आणि फारच तापलं तर नमस्कार करून निघा, हट्टानं थांबण्यात काही शौर्य नाही, मागे राहणाऱ्या दोन ख्रिस्ती घरांना उद्या त्याच गावात पाणी भरायचं असतं.

नाव-नंबर मागत फिरू नका. ज्याला बोलायचंय तो तुमचा नंबर मागेल. गावात किंवा शेजारच्या गावात मंडळी असेल तर तिथल्या पाळकांना आधीपासून बरोबर ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याकडे सोपवा.

त्याच गावात दुसऱ्यांदा गेलात तर आख्यान बदला. जक्कयानंतर मी विहिरीवरची शोमरोनी बाई घेतो, योहान चौथा अध्याय, तिथे दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी मागायचा प्रसंग आहे आणि तो वरवर सांगून चालत नाही, त्यासाठी पूर्वरंगाला पाच-दहा मिनिटं जास्त धरा. तिसऱ्यांदा पेरणारा, तो मृगाच्या आधी, मे महिन्यात, जेव्हा सगळ्यांच्या डोक्यात बियाणंच असतं.